कोकणातल्या भुतांवर कार्ड गेम करतोय, पण दुसऱ्या डावात कोणी गोष्ट वाचतच नाही, काय करू?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत लिहितो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर इथेच कळेल. तू आणि तुझा मित्र मिळून कोकणातल्या भुताखेतांवर डंजन टाइपचा कार्ड गेम करताय. किल्ल्याखालचं भुयार, दोन ते चार भिडू, आत शिरायचं, एकेक पत्ता उलटत पुढे सरकायचं, आणि शेवटी वेताळ. ११० पत्ते झालेत, प्रत्येकावर सात-आठ ओळींची गोष्ट. पहिल्या डावाला सगळे खूश, दुसऱ्या डावाला कोणी गोष्ट वाचतच नाही, नुसते कोपऱ्यातले आकडे बघतात आणि पत्ता बाजूला टाकतात. वर एका मित्राने सांगितलंय की गोष्ट वेगळी चाललीये आणि गेम वेगळा चाललाय. म्हणून तू विचारतोयस की गोष्टी वाढवू का, की अ‍ॅप करून त्यात आवाज भरू. (अरेतुरे करतोय, सेकंड इयरला आहेस म्हणालास म्हणून.)

माझं थोडं सांगतो. बारा-तेरा वर्षं पत्त्यांचे आणि बोर्डाचे खेळ बनवतोय, नोकरी सांभाळून. तीन छापले गेले, बाकी वीसेक कपाटात मेलेत. मूळ गाव कुडाळच्या बाजूला, राहतो पुण्यात, त्यामुळे तुझा विषय जवळचा आहे आणि तुझ्या बहुतेक चुका मी आधीच करून बसलोय.

तर तुझा मित्र जे बोलला तोच खरा प्रॉब्लेम आहे, गोष्टी कमी पडतायत हा नाही. एक चाचणी करून बघ. पत्त्यांवरची सगळी नावं आणि गोष्टी व्हाइटनरने खोड, मुंजाच्या जागी "शत्रू १", हडळीच्या जागी "शत्रू २" लिही आणि खेळ. खेळ जर जसाच्या तसा चालला तर तुझं कोकण हे नुसतं वरचं पोस्टर आहे. पोस्टर कितीही भारी असलं तरी माणूस एकदाच बघतो, दुसऱ्या दिवसापासून त्याखालून नुसता ये-जा करतो. वाचणाऱ्यांची काही चूक नाही, त्यांना कळलंय की गोष्ट वाचली काय न वाचली काय, डावात फरक पडत नाही.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही मान्य करतो. तुला एकदाच खेळून संपणारा खेळ करायचा असेल, म्हणजे रहस्याची पेटी असते तसा, तर लांब गोष्टी चालतात, उलट हव्यातच. एकट्याने खेळायचा असेल तरी माणूस निवांत वाचतो. पण तू चार जणांचा खेळ म्हणतोयस, आणि चार जण टेबलाभोवती बसलेले असताना एक जण आठ ओळी मोठ्याने वाचतोय म्हणजे उरलेले तिघं मोबाईल काढणार, हे मी शंभरदा बघितलंय. तर पुढचं सगळं दोन ते चार भिडू आणि पुन्हा पुन्हा खेळायचा खेळ हे धरून लिहितोय.

लोककथेची गंमत अशी की ती आधीच नियमांनी भरलेली असते, आपण मात्र तिच्यातून वर्णन उचलतो आणि नियम मागे ठेवतो. आठव ना, आजी काय सांगायची. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ नको, रात्री कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नको, बाईचे पाय बघ, उलटे असतील तर थांबू नको. यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे "असं केलंस तर तसं होईल" आहे. हा गेमचा नियमच झाला. आजीने हडळीला आक्रमण ५ आणि जीव ७ असे आकडे कधी दिले नव्हते, ते आपण दिले, दुसऱ्या कुठल्यातरी गेममधे बघून.

चकव्याचं उदाहरण घेतो कारण त्यावर मी जवळजवळ वर्ष घालवलं. चकवा म्हणजे काय तर रात्री माळावरनं चालताना माणूस वाट चुकतो आणि तासभर चालून परत त्याच झाडापाशी येतो. पहिल्या फेरीत मी चकव्याला आक्रमण ३ दिलं होतं, वाचून आता लाज वाटते, चकवा कुठे मारतो माणसाला? दुसऱ्या फेरीत केलं की चकवा निघाला की भिडू सुरुवातीला परत. हे गोष्टीला धरून होतं पण लोकांना राग यायचा, पाऊण तासाची मेहनत एका पत्त्यात गेली तर येणारच. तिसऱ्या फेरीत जमलं. भिडू जसा पुढे जाईल तसे जागांचे पत्ते एकापुढे एक मांडत जायचे, आणि चकवा निघाला की शेवटचे तीन पत्ते उलटे करून पिसायचे आणि परत मांडायचे. जागा त्याच, ओळखीच्याच, पण आता कुठली कुठे आहे ते माहीत नाही. भिडू म्हणतो अरे व्हाळ (ओढा) इकडेच होता, पत्ता उलटतो तर पिंपळ. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे येतं ना, तोच चकवा. एक ओळ गोष्ट वाचायला लागत नाही.

आणि सुटका कशी? आमच्याकडे सांगायचे की चकवा लागला असं कळलं की चालायचं नाही, आहे तिथे बसायचं, उजाडायची वाट बघायची. म्हणून नियम असा की बसून राहिलास तर पत्ते सरळ होतात पण तुझी एक चूड जळते. चूड म्हणजे माडाच्या झावळांची पेटती मोळी, आमच्या खेळात ती वेळ मोजते, प्रत्येकाला पाच मिळतात. संपल्या की अंधार. आता भिडूला खरा निर्णय आहे, बसू की चाचपडत पुढे जाऊ, आणि चकवा लागलेल्या आजोबाला पडलेला प्रश्नही हाच होता.

आकडे कसे ठरवायचे हे तू विचारलं नाहीस पण सांगतो कारण इथेच सगळे अडकतात. माझ्या रात्रीच्या कॅटमधे १२ पत्ते होते आणि भिडू एका रात्रीत साधारण ४ उलटायचा. चकवे ३ ठेवले तर चारात किमान एक चकवा निघायची शक्यता जवळपास ७५ टक्के. म्हणजे चार रात्रींपैकी तीन रात्री चकवा. तो मग चकवा राहत नाही, एसटीच्या रस्त्यावरचा खड्डा होतो. १ ठेवला तर ३३ टक्के, मग लोक त्याला विसरूनच जातात. २ ला ५८ टक्के येतं, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे भीती राहते पण खात्री नसते. मी २ वर थांबलो. तुझा कॅट वेगळा असेल तर तुझा आकडा वेगळा येईल, पण कागदावर गणित करून मग छाप, छापून मग गणित करू नकोस, मी केलंय, चारशे रुपयांच्या स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची पाकिटं, वाया गेल्या.

असंच बाकीच्यांचं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो, पोरच आहे, त्याला मारामारी नको, खेळायला हवं, माझ्याकडे तो भिडूच्या हातातला एक पत्ता लपवतो आणि ओळखायला लावतो. गिऱ्हा पाण्याजवळचा, फसवून पाण्याकडे नेणारा, पण गोष्टीत असंही असतं की त्याचा केस हाती लागला तर तो तुमचं काम करतो आणि केस परत मागत राहतो. आता हा किती तयार नियम आहे बघ, ताकदवान पत्ता आहे पण तो हातात ठेवायची किंमत दर वेळेला मोजायची. देवचार तर शत्रूच नाही, गावाची शीव राखणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. तुझ्या यादीत तो राक्षसांमधे आहे, तो आधी तिथून काढ.

परदेशात ज्यांना हे जमलंय त्यांनीही हेच केलंय. २०२१ मधे ब्लॅक बुक नावाचा रशियन गेम आला, पत्त्यांच्या लढाया आहेत, १९ व्या शतकातला चेर्डिनचा परिसर, आणि त्यातली नायिका चेटकीण आहे जिच्या ताब्यात छोटी भुतं असतात. त्या भुतांना रोज काहीतरी वाईट काम देऊन लोकांकडे पाठवावं लागतं, नाही दिलं तर ती तिलाच छळतात. हे तिथल्या लोकांच्या समजुतीतलं आहे आणि ते जसंच्या तसं नियमात आलंय, त्यामुळे पाप करावं की त्रास सोसावा हा प्रश्न गोष्ट न वाचणाऱ्यालाही पडतो. (आपल्याकडेही हाताखालच्या भुताला सतत काम पुरवत राहायची गोष्ट घरोघरी आहे, कधीतरी वापर.)

आता वेताळ. तू त्याला शेवटचा बॉस केलायस, ३० जीव वगैरे. वेताळपंचविशी तुला पाठ असेल, तरी गेम म्हणून एकदा बघ. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, अट एकच, बोलायचं नाही. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं, बोललास तर वेताळ परत झाडावर. राजा चोवीस वेळा बोलतो, चोवीस वेळा पहिल्यापासून सुरू. पंचविसाव्याला उत्तरच नसतं म्हणून गप्प राहतो. हल्ली ज्याला रोगलाइक म्हणतात, स्ले द स्पायर सारखं, मरा आणि परत पायथ्यापासून चढा, पण दर वेळेला थोडे शहाणे होऊन, ते हेच आहे. कथासरित्सागरातसुद्धा ही गोष्ट आहे आणि तो ११ व्या शतकातला. आपण मात्र त्याच्यावर ३० जीव लिहितो.

मी काय केलं सांगतो. प्रेताचा पत्ता ज्याच्याकडे त्याने बोलायचं नाही. उरलेले भिडू त्याला प्रश्न विचारणार, चिडवणार, बोलला की प्रेत परत झाडावर, पण वाटेत मिळवलेले पत्ते त्याच्याकडे राहतात. एवढंच. एकदा एक काकू वीस मिनिटं गप्प होत्या, सगळ्यांनी हात टेकले, आणि मग त्यांच्या नवऱ्याने सोलकढीला फोडणी घालतात असं काहीतरी सहज म्हटलं. काकू बोलल्या. वेताळ झाडावर. ती गोष्ट आमच्या ग्रुपमधे अजून सांगतात, आणि मुद्दा हाच की ती मी लिहिलेली नव्हती.

तर आतापर्यंतचं इतकंच की भुताचा स्वभाव नियमात आण आणि आकडे त्या स्वभावाला पोसतील असे ठेव. आता लिहिलेल्या गोष्टींचं काय करायचं ते.

दशावतार बघितलायस ना? रत्नागिरीकडचा असलास तर कदाचित कमी, आमच्याकडे जत्रा म्हटली की रात्रभर दशावतार. आधी गणपती, सरस्वती, संकासुराची धमाल, आणि मग उत्तररात्री आख्यान. नटांकडे लिहिलेले संवाद नसतात. आख्यान काय, कोण कोण आहे, शेवट काय होणार हे ठरलेलं, मधलं सगळं उभ्या उभ्या रचायचं, समोरच्याने काय टाकलं त्यावर. तेच आख्यान माणसं वर्षानुवर्षं बघतात आणि पहाटेपर्यंत उठत नाहीत. तुझ्यासमोर प्रश्न हाच आहे ना, तीच गोष्ट दुसऱ्यांदा लोकांनी का ऐकावी? त्याचं उत्तर गावच्या देवळाबाहेर दर वर्षी मिळतं. सांगाडा पक्का, बोलणं त्या रात्रीचं.

म्हणून पत्त्यावर गोष्ट लिहूच नकोस, प्रसंग लिही. माझी मर्यादा २५ शब्दांची आहे, त्यातही शेवटी एक प्रश्न किंवा एक अट. "पाणंदीत समोरून म्हातारा येतो. कंदील मागतो. देणार?" बस. म्हातारा कोण ते पुढच्या पत्त्यावर ठरेल, आणि तो म्हातारा कसा बोलतो ते शेजारचा भिडू ठरवेल, कारण नियम असा की समोरचं पात्र उजवीकडच्याने बोलायचं. सुरुवातीला लोक लाजतात. लाजू नयेत म्हणून मी डावाच्या आरंभी गाऱ्हाणं ठेवलं, जो पहिला खेळणार त्याने गाऱ्हाणं घालायचं, "बा देवा महाराजा" करून, आणि बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, मनाला येईल ते मागायचं, कोणी पगारवाढ मागतं, कोणी वेताळाला आज सुट्टी दे म्हणतं. दोन मिनिटात आवाज मोकळे होतात. पण हे सगळीकडे चालत नाही हां, अनोळखी लोकांच्या कॅफेत मी ते ऐच्छिक ठेवतो, आणि ज्यांना मालवणी टोन माहीत नाही त्यांना ते नाटकी वाटतं.

ज्या गोष्टी तुला जीव की प्राण आहेत आणि पूर्णच सांगायच्यात त्यांच्यासाठी दुसरी युक्ती. २०१५ च्या हँड ऑफ फेट या व्हिडिओ गेममधे प्रसंगाच्या पत्त्यावर टोकन असतं, तो प्रसंग नीट पार पाडला की टोकन मिळतं आणि त्याबद्दल पुढचे नवीन पत्ते तुमच्या कॅटमधे येतात. म्हणजे गोष्ट पुढे सरकते ती डावांच्या मधे. कागदी खेळात हे पाकिटाने करता येतं. अशा एखाद्या गोष्टीचा पहिला पत्ता पार पाडला की तो पत्ता डब्यात, पाकिटातून दुसरा काढून त्याच्या जागी. दुसऱ्या डावात लोक वाचणारच, कारण पत्ता खरंच नवीन आहे. अशा सलग गोष्टी चार-पाचच ठेव, त्याहून जास्त पाकिटं म्हणजे खेळायच्या आधी अर्धा तास नुसती लावालावी.

भुयाराबद्दल माझं मत जरा कडक आहे, आवडलं नाही तर सोडून दे. प्रत्येक गावात एक भुयार असतं आणि ते थेट कुठल्यातरी किल्ल्यावर निघतं आणि आत कोणी गेलेलं नसतं, ते ठीक आहे. पण मुंजा पिंपळावर असतो, गिऱ्हा पाण्याशी, साती आसरा कोंडीवर, देवचार शिवेवर. या सगळ्यांना तू भुयारात एकत्र कोंडलंस म्हणजे चाळीत भाड्याने खोल्या दिल्यासारखं झालं. कोकणातलं भूत त्याच्या जागेसकट येतं, जागा काढून घेतली की नुसतं नाव उरतं. डंजन म्हणजे अंधारी कोठडीच हवी असं कुठे आहे, डंजन म्हणजे जिथे पुढची जागा दिसत नाही आणि मागे फिरायला किंमत पडते. दोन्ही बाजूला चिऱ्याच्या गडग्यांची पाणंद घे, रात्री तिच्यात शिर, डावीउजवीकडे वाट नाही, हाच तुझा कॉरिडॉर. मग व्हाळ, मग कातळसडा, मग देवराई. खोली जमिनीखाली मोजू नकोस, शेवटच्या घराच्या दिव्यापासून किती लांब आलो ते मोज. मी जागांचे १८ पत्ते तीन ढिगात ठेवतो, गावाजवळचे, मधले, लांबचे, आणि भुतांचे पत्ते जागेला बांधलेले, पिंपळाशिवाय मुंजा निघूच शकत नाही. फक्त तुझी मुख्य गोष्ट पुरलेल्या धनाची असेल तर भुयार राहू दे, तिथे ते शोभतं, पण शेवटचा टप्पा म्हणून.

पत्त्यांच्याच बाबतीत आपल्या घरात एक मोठी गोष्ट पडलीये आणि आपण बाहेर शोधतो. सावंतवाडीचा गंजिफा. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. आणि दोन भन्नाट नियम. एक, अर्ध्या रंगांमधे दहा मोठा आणि उरलेल्या अर्ध्यांमधे क्रम उलटा, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात हलका. दोन, खेळ दिवसा असेल तर उतारी रामाच्या राजाची, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. बाहेर दिवस आहे की रात्र यावर डाव सुरू कसा होतो ते बदलतं, याहून सुंदर नियम मला तरी माहीत नाही. मी तो सरळ उचलला, माझ्याकडे सूर्य मावळला की निम्म्या पत्त्यांची किंमत उलटी होते, दिवसा उपयोगी असलेली कोयती-काठी हलकी पडते आणि ओवी, अंगारा, गाणं असले पत्ते जड होतात. सावंतवाडीला राजवाड्यात अजूनही हे पत्ते हाताने रंगवतात, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला परत उभी केली, जमलं तर एकदा जाऊन हातात घेऊन बघ. गोल पत्ते करायचा मोह होईल, होऊ दे, पण पहिल्या छपाईत नको, कटिंग महाग पडतं आणि गोल पत्ते बाजारातल्या स्लीव्हमधे बसत नाहीत.

आता जरा नाजूक. माझ्या पहिल्या खेळात मीही वेतोबाला बॉस केला होता. गावी सुट्टीत नेला, ओळखीचे एक काका खेळायला बसले, आरवलीकडचे. शेवटपर्यंत मजेत खेळले आणि शेवटचा पत्ता बघून हातातले पत्ते खाली ठेवले. म्हणाले, "तेका मारून तू जातलंस खंय?" रागावले नव्हते, खरंच विचारत होते. आरवलीचा वेतोबा हा देव आहे, लोक त्याला नवस बोलतात, केळ्यांचा घड देतात, चामड्याच्या चपला वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात असं मानतात. गोव्यातही आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. पंचविशीतला वेताळ आणि हा देव हे नात्यातले असतील पण एक नव्हेत, तुझ्या पत्त्यावरचं चित्र कोणाचं आहे ते तू ठरवलं पाहिजेस. त्या रात्री मी बॉस काढला आणि चपलांचा पत्ता केला. डावाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक जोड वाहायचा, म्हणजे एक चांगला पत्ता सोडायचा, मग अडचणीत एकदा राखणदार येतो आणि चपला थोड्या झिजतात, तीनदा झिजल्या की नवीन जोड. खेळ बॉसपेक्षा शंभर पटीने चांगला झाला. श्रेय काकांचं.

दुसरं नाजूक म्हणजे जात. भुतांच्या जुन्या याद्या वाचशील तर बघ, भुतांचीसुद्धा जातवार आणि धर्मवार वाटणी केलेली असते, हा ब्राह्मणाचा समंध, तो अमक्याचा, तो परधर्मातला, आणि कोण किती दुष्ट हे त्याप्रमाणे. १९१५ मधे एन्थोव्हेनने कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदी छापल्या, जॅक्सनने जमवलेल्या साहित्यावरून, हा तोच नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ज्याला १९०९ मधे अनंत कान्हेऱ्यांनी गोळी घातली. माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून आलेली, त्यामुळे गावाच्या नावासकट सापडते, गेमवाल्यांसाठी खजिना आहे, कॉपीराइटही संपलाय. पण तो त्या काळच्या मास्तरांच्या डोळ्याने बघितलेला गाव आहे, जसाच्या तसा पत्त्यावर उतरवलास तर त्यांचा भेदभावही उतरवशील. हडळही तशीच. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे हडळ, ही गोष्ट ज्या काळात बायका बाळंतपणात सर्रास जायच्या त्या काळातली आहे. मी तिला मारायचा पर्यायच ठेवला नाही, तिचं काहीतरी राहिलंय ते शोधून द्यायचं. हे ज्याचं त्याने ठरवावं, पण न ठरवता छापू नये.

छपाईचं पटकन. पोकर साइज ६३ बाय ८८ मिलिमीटर, ए-फोरवर नऊ बसतात. प्रोटोटाइपला साधा कागद, मागे जुना पत्ता, वर स्लीव्ह, पुरे. देवनागरीला रोमनपेक्षा जागा जास्त लागते, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकात अडकतात, १० पॉइंटच्या खाली जाऊ नकोस आणि दोन ओळींमधे हवा ठेव, चुडीच्या नाही तरी घरच्या पिवळ्या दिव्यात वाचता आलं पाहिजे. ११० पत्ते जास्त आहेत, ५४ वर आण, सहा ए-फोरमधे सगळा खेळ मावेल. गोष्टी गाळताना जीव तुटेल, त्या वहीत राहू दे, पाकिटांना लागतीलच.

अ‍ॅप आत्ता नको. आवाज भरलास तर दुसऱ्या डावाला लोक न वाचण्याऐवजी न ऐकता पुढे ढकलतील, दुखणं तेच, खर्च वेगळा. आणि टेबलावरचं बोलणं बंद होईल ते वेगळंच.

पुढच्या दोन आठवड्यात एवढंच कर. तुझ्या ११० मधून फक्त चकवा, मुंजा आणि देवचार घे, सहा जागा, पाच चुडी, गोष्ट एकही ओळ नाही, नुसते नियम. नवीन तीन जणांना बसव, तू स्वतः गप्प बस, समजावू नकोस, वहीत फक्त लिही की कोण कुठे हसलं, कुठे कोणी दुसऱ्याच्या पत्त्यात डोकावलं आणि कुठे मोबाईल निघाला. मग त्याच तिघांना लगेच दुसरा डाव लावायला सांग. लावला तर काम झालंय, मग गोष्टी घाल. नाही लावला तर ती वही इथे टाइप कर, कुठल्या पत्त्यावर मोबाईल निघाला ते मुख्य, त्यावरून पुढचं बघू.